फाडलेली चार पानं

लग्नाआधीच भुसावळ स्टेशनावरच्या पुस्तकवाल्यामुळे मला एका रहस्यकथा-लेखकाचं वेड लागलं होतं. १९३१ साली धुळ्याला सासरी आले, ती त्याच्या अकरा कादंबऱ्या ट्रंकेत घालूनच.

सासऱ्यांनी त्यातली एक उचलली, शेवटची चार पानं फाडून चुलीत घातली आणि सासूबाईंना म्हणाले, "तिला म्हणावं, बस आता खुनी शोधत!" माझी ती दोनदा वाचून झाली होती. पण सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नाही, हा त्यांचाच नियम.

उरलेलं पुस्तक त्यांनी पुड्या बांधायला दुकानात नेलं. चौथ्या दिवशी जेवायला बसले, तर घास उतरेना. शेवटी थेट मलाच विचारलं, "लाडकुंवर, खुनी कोण गं?"

 

मी घुंगट हनुवटीपर्यंत ओढला. "सासूबाई, त्यांना सांगा, या घरात सून सासऱ्यांशी बोलत नाही."