सातव्या गाण्यातली गिटार

रेकॉर्डिंगवाल्या ताईंनी अल्बममधलं सातवं गाणं ऐकायला लावलं आणि दोन ओळींतच धाकट्याच्या लक्षात आलं, की दादाची गिटार वाजतच नाहीये. नुसते ड्रम, बेस आणि त्याचा स्वतःचा कीबोर्ड. ताई चहा ओतत होत्या. घाईत भलतंच बटण दाबलं गेलं असणार.

त्यानं सांगायचं लांबवलं. खोटं कशाला बोला, त्याला ऐकायचं होतं. त्याचा डावा हात खोलवर घुमत होता, उजवा मोकळा धावत होता आणि गाणं कधी नव्हे ते छाती भरून श्वास घेत होतं. इतका आनंद झाला, की त्याची त्यालाच लाज वाटली. शेजारच्या खुर्चीत दादा डोळे मिटून बसला होता. ही गिटार बसवायला त्यानं दोन महिने जिवाचं रान केलं होतं.

"ताई, गिटार बंद राहिलीय," धाकटा एकदाचा म्हणाला.

"अगं बाई!" ताईंनी किटली खाली ठेवली.

"राहू द्या," दादा म्हणाला. डोळे मिटलेलेच.

गाणं संपेपर्यंत चहाला कुणी हात लावला नाही.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?" दादानं विचारलं.

"काय?"

"वेड पांघरू नकोस."

"पहिल्या दिवसापासून," धाकटा पुटपुटला.

"मग मूग गिळून का बसलास, गाढवा?"

"गिटार तुझी होती ना."

दादा खदखदून हसला. धाकट्याला मात्र रडू आवरेना.

"वाजवलं छान होतं मी," दादा म्हणाला. "फक्त तुझ्या वाटेत वाजवलं. चल, ऊठ. पुन्हा घेऊ. या रेकॉर्डिंगमध्ये तू मला जागा देत वाजवलंयस, ते कळतंय. आता अंग चोरू नकोस."

धाकटा रेकॉर्डिंगच्या खोलीत कीबोर्डपाशी गेला. दादाही मागोमाग आत आला, कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकला आणि सवयीनं गिटार मांडीवर घेतली.

"तू बाहेर बस ना," धाकटा म्हणाला.

"मी नसलो तर तुझे हात कापतील."

ताईंनी काचेपलीकडून खूण केली. कीबोर्ड सुरू झाला. आवाज चढला, तशा मांडीवरच्या गिटारच्या तारा आपसूक थरथरून गुणगुणायला लागल्या. दादानं सहाही तारांवर पंजा दाबून धरला आणि शेवटचा सूर पुरता विरेपर्यंत उचलला नाही.