कलम नऊ

“हे कलम घालायला तुम्हाला सांगितलं कोणी?” चौकशी अधिकारी बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“समितीच्या अध्यक्षांनी,” काकांनीही तिसऱ्यांदा सांगितलं.

अख्खं विधी खातं त्यांना काका म्हणायचं. कायद्यांचे मसुदे लिहिण्यात तीस वर्षं गेली होती, निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि टेबलावर त्यांच्याच नावाची बडतर्फीची नोटीस पडली होती.

भानगड मेसेजच्या कायद्याची. कंपन्यांनी प्रत्येक मेसेज जपून ठेवायचा आणि तपासासाठी मागितला की कुलूप काढून द्यायचा. यावर दोन वर्षं नुसती भांडणं झाली. एक बाजू म्हणे, गुन्हेगार मोकाट सुटतात. दुसरी म्हणे, पोलिसांसाठी ठेवलेल्या दारातून चोरही आत येतो. काकांनी दोघांचं ऐकलं आणि अकरा वेळा मसुदा लिहिला. अकराव्यात कलम नऊ आलं: मंत्री आणि हा कायदा ठरवणाऱ्या समितीचे सदस्य यांच्या मेसेजना हा कायदा लागू नाही. वर्तमानपत्रांनी बोंब ठोकली, तशी अध्यक्षांनी हात झटकले. म्हणाले, कारकुनाने परस्पर घुसडलं.

“पुरावा काही?”

“त्यांचा मेसेज आला होता. दुसऱ्या दिवशी आपोआप पुसला गेला. त्यांच्या फोनला तसंच सेटिंग आहे.”

“मी कंपनीला लिहिलं होतं. म्हणतात, किल्ली आमच्याकडे नसतेच आणि पुसलेलं आम्ही ठेवत नाही.”

“खरंच आहे ते. दोन वर्षं घसा कोरडा करून हेच सांगतायत बिचारे.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. काकांच्याच हाताखाली त्या मसुदा लिहायला शिकल्या होत्या. आता चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. काकांना त्यांची दया आली. स्वतःची कीव करण्याइतकं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

“पण काका,” बाई एकदम पुढे झुकल्या, “हा कायदा तेव्हाच असता तर? कंपनीला मेसेज ठेवावाच लागला असता, उघडून द्यावाही लागला असता. तुम्ही सुटला असता! मी अहवालात हेच लिहिते.”

काकांनी मसुद्याची पानं उलटली आणि नववं कलम त्यांच्यापुढे सरकवलं.

“कोणाचा मेसेज उघडणार, मॅडम? अध्यक्षांचा?”

बाईंनी कलम वाचलं. पुन्हा वाचलं. मग एकेका शब्दावर बोट ठेवून सावकाश वाचलं. चेहरा उतरत गेला.

“कुठेतरी पळवाट असेलच की.”

“नाही. एकही ठेवायची नाही, असा हुकूम होता. चार दिवस बसून सगळ्या बुजवल्या.”

काकांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. शेवटी त्यांना राहवलं नाही.

“बाकी... लिहिलंय चांगलं, नाही?”