गोळाभात कसा झाला?

या मायबाप, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट एवढीशीच आहे, पण मन लावून ऐका.

रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यात कुमुदिनीबाई एकट्याच राहतात. जुन्या मराठी घरांतल्या जेवणावर लिहिणारी पूर्णिमा त्यांच्याकडे आली. बाईंनी बेसनाचे गोळे घालून गोळाभात शिजवला, देवाला नैवेद्य दाखवला आणि मगच तिला ताट वाढलं.

"पर काकी, बनाते समय आपने चखा ही नहीं?"

"नैवेद्याआधी चाखत नाही, पोरी. मीठ अंदाजानं. मग खाणाऱ्यानं सांगायचं. सांग, कसा झाला?"

"एकदम बढ़िया!"

बाईंचा चेहरा उतरला. "आमचे हे गेल्यापासून देवच जेवून राहिला माझ्या हातचं. अन् देव काय, भावाचा भुकेला. तो कधी नावं ठेवत नाही. हे असते तर पहिल्याच घासाले तोंड वाकडं केलं असतं. तू तरी खरं सांग ना वं."

पूर्णिमा घुटमळली. "काकी, नमक थोड़ा ज़्यादा है. म्हणजे... बहुत ज़्यादा."

बाई खुदकन हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "हव ना? आता कसं, घरात कोणी जेवून राहिलं असं वाटते! थांब, दही आणते."

तर मायबाप, आज तुमच्या हातच्या जेवणाला घरात कोणी नावं ठेवली, तर रागावू नका. कुमुदिनीबाईंची तेवढी आठवण काढा.