बुडालेल्या नायिकेची विहीर

फिरायला आलेल्या बाईने हातातल्या हिरव्या काचेच्या बांगड्या उतरवल्या आणि ती आमच्या विहिरीवर वाकली. मी तिचं मनगट धरलं.

“अहो, कादंबरीतली नायिका इथेच बुडाली ना! सगळेच तिला बांगड्या वाहतात,” ती डोळे पुसत म्हणाली.

“लेखक आठ दिवस आमच्याकडे जेवला आणि आमच्याच पिण्याच्या पाण्यात बाई बुडवून गेला! इथे आजवर साधी शेळीसुद्धा बुडालेली नाही.”

ती ओशाळली. मग तिने पाणी मागितलं. मी पोहरा ओढून तांब्या भरला, तशी ती कचरली. “ह्याच विहिरीचं?”

परवा विहीर उपसताना माझ्या तळपायात काच घुसली होती. ती जखम मी तिला दाखवली.

“तुमची नायिका कागदावर बुडाली. बांगड्या मात्र खऱ्याखुऱ्या पडतात,” मी म्हणाले आणि तांब्यावर पदर धरला. “थांबा, गाळून देते.”