कमानीचा दात

उघडलेल्या चाकूच्या पाठीवरून दमयंतीने बोटाचं टोक फिरवलं. पातं संपून, ते उघडं धरून ठेवणारी मुठीतली पोलादी कमान जिथे सुरू होते तिथे बोट अडलं. नखाच्या जाडीएवढी पायरी होती. कमानीचा दात पात्याच्या खाचेत पुरता उतरला असता, तर पाठ सलग लागली असती. पण खाच उथळ कापली गेली होती. दात नुसता काठावर टेकला होता; जोर आला की पातं मिटणार. तिने पेटीतला दुसरा चाकू उघडला. खट्. तीच पायरी. वैशाखात, पावसाआधीच्या शेवटच्या आगबोटीने पेटी आली, त्या दिवशीही तिने हेच पाहिलं होतं आणि नवऱ्याला दाखवलं होतं.

"राहू दे ती पेटी," भिकाजीशेट गादीवरून म्हणाले. "उद्या खंडेनवमी. तागडीशेजारी पूजेला मांडायचीय."

"बंदर उघडलं की परत पाठवणार होतात."

"पाठवीन."

"परवा बोट येऊन गेली."

"अगं, स्वदेशी माल आहे. लोकांना विलायती नको, म्हणून मागवला. आता आपणच त्याला नावं ठेवायची?"

पायरीवर पावलं वाजली. दमयंती झेंडूचं तबक उचलून मधल्या दाराआड गेली. गिऱ्हाईक असताना ती दुकानात थांबत नसे.

वरच्या वाडीतला बाबल्या आला होता. आंब्याची कलमं बांधणारा. मागे त्याची बायको सखू. बाबल्याच्या उजव्या हाताला अंगठ्यानंतर एकदम मधलं बोट होतं.

"शेट, तसलाच चाकू द्या. मागला दर्यात टाकला."

"तसलाच?"

"चाकवाचा काय गुन्हा? चुकी माजी. नवं हत्यार, देवाला दावलं न्हाय नि तसंच कलमाला लावलं. सालीत अडाकलं म्हनून वढलं, तर मुठीतच मिटलं. मंग बोट सडलं, कापावं लागलं. गुरव म्हनाला, हत्यार उपाशी ठिवलंस, त्यानं आपला घास घेतला."

"वर म्हनतो, येका बोटावर सुटलास," सखू मागून म्हणाली. "त्याची दहा हायत तवर त्याला म्हनायला काय जातंय!"

बाबल्या हसला. भिकाजीशेटही हसले, थोडे उशिरा.

"पण तुला आता धरता येईल का?"

"मला कुटं! ही करनार. मी पडून व्हतो तवा हिनंच कलमं बांधली, शेजाऱ्याचा चाकू मागून. आता जोड धरलाय. दसरा झाला की झाडावरनं कापून उतरवायची. न्हाय उतरवली तर मालक दुसरा गडी बघंल. म्हनून म्हटलं, उद्या देवाफुडं ठिवावा, नि मंगच हिच्या हातात द्यावा."

भिकाजीशेटनी पेटी पुढे ओढली. "बरोबर आहे गुरवाचं. हत्यार पुजल्याशिवाय वापरू नये." हे म्हणताना त्यांनी मधल्या दाराकडे पाहिलं नाही.

त्यांनी एक चाकू उघडून दाखवला. खट्.

"आवाज ग्वाड हाय," सखू म्हणाली आणि चाकू हातात घेऊन तिने मूठ आवळली. तिचा हात लहान होता. पातं मिटलं असतं, तर चारही बोटं त्याखाली आली असती.

"अहो," दमयंती दारातून म्हणाली.

"तू आत जा. फुलं निवडायची राहिलीत."

ती उंबऱ्यावरच उभी राहिली. श्रावणात बाबल्या फडक्यात गुंडाळलेला हात घेऊन दुकानावरून दवाखान्याकडे गेला, त्या दिवशीही ती अशीच इथे उभी होती. तेव्हा भिकाजीशेट म्हणाले होते, "आता बोललो तर दुकान बसेल. आणि त्याचं बोट परत येणार आहे का?" त्यानंतर रोज सकाळी ती दुकान झाडायला यायची, पेटीवरची धूळ पुसायची आणि आत जायची.

भिकाजीशेट उठले. फळीवरून त्यांनी एक नारळ काढला, हलवून त्यातलं पाणी ऐकलं आणि तो बाबल्यापुढे ठेवला.

"हा माझ्याकडून. चाकूशेजारी ठेव. काही होत नाही मग."

बाबल्याचे डोळे भरून आले. "शेट, तुमी देवमानूस," म्हणत त्याने हात जोडले. जुळलेल्या हातांत एका बोटासमोर दुसरं बोट नव्हतं.

दमयंतीने तबक उंबऱ्यावर ठेवलं आणि ती दुकानात आली.

"अगं, तू..."

तिने सखूच्या मुठीतली बोटं एकेक करून सोडवली आणि चाकू काढून घेतला.

"सखू, हा नाही न्यायचा. बाबल्या, देवानं तुझं काही घेतलेलं नाही. ही सगळी पेटी कारखान्यातूनच खोट घेऊन आलीय, पातं नीट अडत नाही. तुला चाकू विकला तेव्हा आम्हाला दोघांनाही ते माहीत होतं."