हिरवा दिवा

सासऱ्यांचा दिवा फोनवर आठवडाभर हिरवाच राहिला, तेव्हा वृंदाने ऑफिसात पेढे वाटले. लघवी न थांबणाऱ्या पुरुषांसाठीचं ते पॅड तिनेच घडवलं होतं. वापरून फेकायचं, पँटमधून न दिसणारं, आणि आत केसाएवढी बारीक तार. थेंब गळला की घरातल्या सगळ्यांचे फोन वाजत आणि दिवा लाल होई, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला ओल्यात बसावं लागू नये.

संध्याकाळी ती घरी आली, तर अण्णा खुर्चीतून उठताना झोकांडले. तिने त्यांना सावरलं. त्यांचे ओठ कोरडे पडून पार फुटले होते.

"अण्णा, पाणी कधी प्यायलात?"

"लांबच्या रूटवर एसटी चालवताना आम्ही दिवसदिवस पीत नसू. सवय आहे मला."

"पण आता कुठली एसटी?"

अण्णांनी तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. "जेवताना तो वाजला की नातवंडं माझ्याकडे बघतात. आणि सुनेनं सासऱ्याचं हे असलं बघायचं? ते काढून टाक, मग पितो."

वृंदाने फोनवरचा दिवा बंद केला. अण्णांनी तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या भिंतीवर शहराचा नकाशा झळकत होता. पॅड वापरणाऱ्या प्रत्येक घराचा एक ठिपका. तिच्या घराचा तेवढा विझलेला.

"बघितलंस?" साहेब खुशीत म्हणाले. "सगळं शहर हिरवंगार!"

वृंदाला मात्र प्रत्येक हिरव्या ठिपक्यामागे फुटलेले ओठ दिसत होते.