गार दगड

हे ओझरच्या कारखान्यात नोकरीला, पण जीव सगळा जुन्या चिनी वस्तूंत. कपाटात झिलईचे निळे वाडगे आणि हिरव्या जेड दगडाचे कोरीव प्राणी. माझ्या बरण्यांना मात्र खाटेखाली जागा. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात दाताचे डॉक्टर ल्याव हा संग्रह बघायला आले. माणूस चिनी, पण जन्म इथल्याच भद्रकालीतला, मराठी अगदी आपल्यासारखं. स्वयंपाकघराच्या दारात बसून मी एका हाताने तांदूळ निवडत होते, दुसऱ्याने आतल्या पाळण्याची दोरी ओढत होते. पाळण्यातून पोरीच्या चोखण्याचा बारीक आवाज येत होता. ह्यांनी ऐटीत मखमलीची डबी उघडली, तर ती रिकामी. “तो पंख मिटलेला दगडी किडा ना? तो मी पोरीला दिलाय,” मी दारातूनच सांगितलं. “दात येतायत तिचे. तोंडात तो दगड गारच राहतो, मग रडत नाही.” हे खो खो हसले. “बघा डॉक्टर, अस्सल असल्याची खूण!” डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कपबशी खाली ठेवली. “वहिनी, तो आधी काढून घ्या. आमच्यात पूर्वी असा किडा मेलेल्या माणसाच्या जिभेवर ठेवून त्याला पुरायचे.” सासूबाईंच्या तोंडात तुळशीपत्र आणि सोन्याचा मणी मीच ठेवला होता, मिटलेले ते ओठ डोळ्यांसमोर आले. “जुन्या समजुती हो,” हे म्हणाले. मी दोरी ओढतच होते. पाळण्याच्या कड्या कुरकुरत होत्या. चोखण्याचा आवाज कधी थांबला, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.